डाव्या पायाची ताकद

२ नोव्हेंबर

आले एकदाची. सामान वर चढवलं, खिडक्या सताड उघडल्या, चहा केला आणि आता खाटेवर पाय पसरून लिहायला बसलेय. खोली मनासारखी आहे. सगळं गाव उतारावर वसलंय. दवाखाना तळाशी आणि घरं एकमेकांच्या खांद्यावर चढल्यासारखी वर वर गेलेली. म्हणजे इथल्या लोकांच्या पोटऱ्या दगडासारख्या असणार आणि गुडघे कामातून गेलेले. माझ्यासारख्या फिजिओथेरपिस्टला आयतं कुरण!

नोकरीबरोबर गाडीही मिळाली. लहानशी, पांढरी, मागच्या सीटवर माझं घडीचं टेबल जेमतेम मावतं. घरोघर जाऊन व्यायाम करून घ्यायचे, एवढंच काम. दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंनी किल्ली देताना बजावलं की क्लच नवा टाकलाय, गिअरबॉक्सही उघडून नीट केलाय, तेव्हा गाडीची तक्रार घेऊन यायचं नाही. मी अजून तोंडसुद्धा उघडलं नव्हतं.

घरमालकीण काकू खाली एकट्या राहतात. बोलणं कमी. मी घरासमोर चढावर गाडी लावत होते तेव्हा दारात उभ्या राहून माझे पाय बघत होत्या. तोंड नाही, पाय. म्हटलं, चला, आपल्याच धंद्यातल्या दिसतात.

५ नोव्हेंबर

गाडी नवी नवरी आहे, रुसते. पहिल्यावरून दुसरा गिअर टाकताना कर्र आवाज होतो आणि दांडी परत हातात येते. क्लच दाबून पाय सोडला की पेडल लगेच वर येत नाही. जरा थांबतं, मग सावकाश येतं, झोपेतून उठल्यासारखं. चौकात दोनदा बंद पडली. मागे भाजीची हातगाडी होती. भाजीवाल्याने ना शिवी दिली ना हॉर्नची वाट पाहिली, हातगाडी तशीच टाकून फुटपाथवर चढला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

इथले लोक माणूसघाणेच दिसतात. मी गाडी सुरू केली की आया पोरांना दंडाला धरून घरात ओढतात. सकाळी चाकांमागे कुणीतरी मोठाले दगड ठेवून जातं. काढून टाकले तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या की लोकांना उद्योग नाहीत. मग त्यांनी विचारलं, क्लच कसा आहे? मी म्हटलं, जरा मऊ आहे. त्यांनी मान हलवली, म्हणाल्या की सुरुवातीला तसंच असतं.

९ नोव्हेंबर

आज एकच चांगला माणूस भेटला. निवृत्त बसचालक, अर्धांगवायूने डावं अंग गेलंय. मी त्यांना चालककाका म्हणते. जन्मभर डाव्या पायाने क्लच दाबला आणि नेमका तोच पाय संपावर गेला, असं म्हणून स्वतःच हसले. जीभ जड आहे, पण डोकं लख्ख. त्यांना गाडीचं रडगाणं सांगितलं. ते म्हणाले की प्लेट झिजली असेल तर इंजिन ओरडतं आणि गाडी जागची हलत नाही. केबल ढिली असेल तर गिअर पडताना कुरकुरतो. पण पेडल सावकाश वर येतं, हे मात्र त्यांनी मला दोनदा सांगायला लावलं. मग गाडी कुठली ते विचारलं. दवाखान्याची पांढरी, म्हटल्यावर त्यांनी तोंड फिरवलं आणि आज व्यायाम पुरे, असं सांगितलं.

१२ नोव्हेंबर

मिस्त्रीकडे गेले. त्याचं गॅरेज उताराच्या पायथ्याशी. गाडी आत घ्यायलाच तयार नव्हता. म्हणाला, प्लेट नवी, केबल नवी, तेल नवं, आता नवं टाकायला उरलंय काय? दोष गाडीत नाही, ताईंच्या पायात आहे. गिऱ्हाईकं हसली नाहीत. माझ्याकडे बघतही नव्हती, जणू मी जाण्याची वाट बघत होती.

मी हटून बसले तेव्हा तो वैतागून खाली वाकला आणि पेडल हाताने दाबलं. क्षणभर तसाच राहिला. मग हात झटकून मागे सरला आणि नळाखाली कोपरापर्यंत हात धुतले. पुन्हा पुन्हा. मी काय झालं विचारलं, तर पाठमोराच म्हणाला की गाडी इथे परत आणू नका.

हात धुण्याइतकं तेलकट तिथे काही नसतं.

१६ नोव्हेंबर

हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते.

आमच्याकडे स्नायूच्या ताकदीला गुण देतात. शून्य म्हणजे हालचालच नाही, पाच म्हणजे धडधाकट माणूस. रुग्णाच्या तळपायाला आपला तळवा लावायचा आणि म्हणायचं, ढकल. इतकी वर्षं हेच केलंय, त्यामुळे स्प्रिंगचा जोर कुठला आणि पायाचा कुठला हे मला झोपेत कळेल. स्प्रिंग एकसारखी ढकलते. पाय आधी चाचरतो, मग थरथरतो, दमतो, पुन्हा जोर लावतो.

क्लचचं पेडल थरथरतं. दमतं. पुन्हा जोर लावतं.

पाचपैकी दोन. फार तर अडीच.

१७ नोव्हेंबर

काल काहीतरीच लिहिलं. उन्हाचा परिणाम. आज केबलला स्वतः तेल दिलं.

काकूंच्या घरात आज पहिल्यांदा आतपर्यंत गेले. बोळात भिंतीला लाकडी कठडा ठोकलाय, धरून चालण्यासाठी. पण फार खाली, माझ्या मांडीएवढ्या उंचीवर. लहान मुलाच्या. मी त्यावर हात ठेवला तर काकूंनी तो उचलून बाजूला केला, हळूच, पण बोटं दुखतील असा.

पुन्हा विचारलं, क्लच कसा आहे?

मी म्हटलं, घट्ट होत चाललाय. त्या हसल्या. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

२१ नोव्हेंबर

तीन. नक्की तीन.

गिअर बदलताना प्रत्येक वेळी मी दाबते आणि ते ढकलतं. या चढउतारावर दिवसभरात कितीदा क्लच दाबावा लागतो! मी माझ्या रुग्णांना इतका व्यायाम देत नाही.

डॉक्टरीणबाईंकडे गेले. गाडी नको, पायी फिरेन म्हटलं. त्या म्हणाल्या, आधीचीही असंच रडायची. गाडीशिवाय काम होत नाही, चालवून घे. आधीची कोण, हे विचारल्यावर त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

बाहेर आले तर गाडीच्या काचेवरच्या धुळीत कुणीतरी बोटाने लिहिलं होतं: जा.

२४ नोव्हेंबर

चालककाकांनी आज सांगितलं. तुटक तुटक, मधे पाणी पीत. मी जोडून लिहिते.

माझ्याआधी इथे एक फिजिओथेरपिस्ट होती. गाडी हीच. क्लचची प्लेट पार झिजलेली. तिने दवाखान्यात कितीदा तरी सांगितलं, आणि दर वेळी उत्तर एकच, चालवून घे. एक दिवस चढावर इंजिन नुसतं ओरडत राहिलं आणि गाडी मागे घसरली. ब्रेक लागेपर्यंत उशीर झाला होता. मागच्या भिंतीला धरून एक मुलगी उभी होती. जन्मापासून तिच्या डाव्या पायात ताकद नव्हती. तिलाच तपासायला ती बाई येत होती. भिंतीला धरून उभं राहायचं हा तिनेच दिलेला व्यायाम. पोर वाट बघत उभी होती, ताईला दाखवायला.

ती बाई गाव सोडून गेली. दवाखान्याने नवा क्लच बसवला आणि गाडी पुन्हा रस्त्यावर आणली. म्हणून गाव त्या गाडीवर थुंकतं.

मी विचारलं, मुलगी कुणाची?

काका म्हणाले, "पोरी, तू राहतेस तिथलीच."

२५ नोव्हेंबर

काकूंना सांगितलं की मला कळलंय, वाईट वाटलं, मी दुसरी खोली बघते. त्या भाजी निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या की मला त्यांच्या घरी ठेवावं म्हणून त्यांनीच दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं. नवी बाई आली तर ती आपल्याकडेच राहील, ही अट घातली होती.

मग म्हणाल्या, "तिचं काम अर्धवट राहिलं होतं. तू पुरं करतेस. किती झालेत गुण?"

गुणांबद्दल मी या घरात एक अक्षर बोललेले नाही.

२७ नोव्हेंबर

चार.

गाडीला हात लावायचा नव्हता. पण चालककाका पडले म्हणून निरोप आला, जावंच लागलं. वाटेत पेडल वर येताना माझा पाय गुडघ्यापर्यंत उचलला गेला. बुटाच्या तळातून ऊब लागते. आणि बोटं — लहान बोटं, पेडलच्या कडेने वर येऊन —

वाकून पाहिलं. काही नाही. रबर, लोखंड, धूळ.

२८ नोव्हेंबर

राजीनामा दिला. डॉक्टरीणबाईंनी वाचलासुद्धा नाही. म्हणाल्या, गाडी खाली आणून लाव, मग कुठे जायचं तिथे जा. दवाखान्याची वस्तू आहे, रस्त्यात टाकून गेलीस तर पोलिसांत कळवेन. मिस्त्रीला हात जोडले, गाडी तेवढी खाली नेऊन द्या. त्याने गॅरेजचं दार ओढून घेतलं.

उद्या दुपारच्या बसने निघते. आधी गाडी. दोन वळणांचा तर रस्ता.

२९ नोव्हेंबर, दुपार. गाडीत

पाय सुटत नाही.

नीट लिहायला हवं. उद्या आळ माझ्यावर येईल, ती अशीच निघाली म्हणतील. म्हणून लिहितेय, वही स्टिअरिंगवर धरून.

गाडी घरासमोर, तोंड चढाकडे. वर नेऊन वळवायची होती. क्लच दाबला आणि तो तळाशी गेला, माझ्या पायासकट. वर येत नाही. माझ्या पावलावरून बोटं वळलीत. बूट काढायचा प्रयत्न केला — घट्ट. दोन्ही हातांनी मांडी ओढली. नाही.

पाच. पाचपैकी पाच. मी असा गुण आयुष्यात फार थोड्यांना दिलाय.

क्लच दाबलेला, म्हणजे गिअर धरत नाही. हँडब्रेक आहे. मागे दगड आहेत. लोकांनी ठेवलेत. बरं झालं ठेवले.

हॉर्न वाजवला. लोक आले. दोन्ही बाजूंनी उभे आहेत, दूर. भाजीवाला आहे. मिस्त्री आहे. दार उघडा, पाय ओढा म्हणून मी ओरडले. कुणी जागचं हललं नाही. एका बाईने आपल्या पोराचे डोळे झाकले.

काकू आल्या. वाटलं, दार उघडतील. त्या मागे गेल्या. एक दगड काढला. मग दुसरा. कुणीही त्यांना अडवलं नाही —

काच खाली होती. मी वर करायच्या आत त्यांचा हात आत आला. हँडब्रेक सोडला. मी हाताला धरलं, चावले सुद्धा. त्यांना लागलं नसावं. माझ्या गालावरून हात फिरवला.

उजवा पाय ब्रेकवर आहे. सगळं वजन टाकलंय. आता फक्त ब्रेक. हँडब्रेक परत ओढते तर दांडी नुसतीच वरखाली —

आरशात दिसतंय. काकू मागच्या भिंतीशी जाऊन उभ्या राहिल्या. पाठ भिंतीला. दोन्ही हात पसरलेत, पहिलं पाऊल टाकणाऱ्या पोरासमोर पसरतात तसे.

म्हणतायत, "ये बाळा. ये."

मांडी थरथरतेय. माझी. ब्रेक धरलाय अजून. मी धरलाय, हे लिहून ठेवते, मी सोडलेला ना—

उजव्या पायाखाली ऊब ला