हिरव्या डोक्याचं बदक

हिप्परग्याचं तळं, सोलापूर
कोजागरीचा दुसरा दिस, शके १८५६

चि. बिरप्पास आजीचे आशीर्वाद. वि. वि.

तुझं पाकीट मिळालं. चित्रातलं हिरव्या डोक्याचं बदक बघून लई आनंद झाला, पन तळ्यावर त्याचा पत्त्या न्हाय. चार दिस झालं, मेंढरं बांधावर सोडून पान्याकडं डोळं लावून बसते. शे-दीडशे बदकं उतरल्यात, समदी मातकट! समद्या माद्याच. नर काय गावाला गेल्यात? एक वाकड्या पायाची हाय, तिचं नाव फेंगडी ठेवलंय. जवळ जावं तर तिप्पण्णाचं कुत्रं भुंकतं, नि समदी भुर्र! तुझा बाप म्हनतो, म्हातारीला याड लागलंय. जीव वैतागलाय. शिवबाईची शेळी व्याली, दोन पाटी, त्या बी माद्याच.

लोभ हाय तसाच ऱ्हाऊ दे.
तुझी आजी म्हाळसाबाई

पुणे, ३० ऑक्टोबर १९३४

ती. आजीस बिरप्पाचा सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारला. ते बदक आमच्या तळ्यावर येतं, लहानपणी पाहिलंय, असं मी वर्गात छातीठोक सांगून बसलोय. सगळे हसले. मास्तर म्हणाले, दिवाळीनंतर खूण आणलीस तर पाखरांची चित्रं काढायचं काम तुला, नाहीतर दुसऱ्याला. मला दिवाळीलाही तिकडे यायला सुट्टी नाही. आणि आजी, मेंढरांसारखी नावं ठेवू नकोस गं. मास्तरांना 'फेंगडी' काय दाखवू? फक्त हिरवं डोकं शोध.

तुझ्या मायेच्या भरवशावर,
बिरप्पा

हिप्परग्याचं तळं
दिवाळी पाडवा

चि. बिरप्पास आशीर्वाद. गावलं की रं!

परवा मेंढरं कातरली. लोकर न्यायला आलेले वीरभद्रप्पा म्हनाले, आता समदी सारखीच दिसत्यात. मी म्हनलं, तुमाला. मला चरन्यावरनं कळतं. नि माझं मलाच हसू आलं. मी खुळी, बदकाची लोकर बघत बसले हुते!

तशीच तळ्यावर गेले. काही बदकं बूड वर करून चरत्यात, ती सोड. पन एक कळप पान्यावर चोच घासत, एकामागं एक, खळ्यातल्या बैलांगत गोल फिरतुया. चोच चित्रातल्यागत लांब, पन म्होरं उलथन्यावानी रुंद. तुझं चित्र कडेनं काढलेलं, त्यात रुंदी कशी दिसंल? फेंगडी बी त्यातलीच. नि ती फेंगडी न्हवंच, फेंगडा हाय! कातरलेल्या मेंढराला लोकर फुटावी तसं कानामागं बोटभर हिरवं फुटलंय. काठावर निळं पीस गावलं, चित्रातल्या पंखाला लावून बघितलं, त्योच रंग. फराळाच्या डब्यासंगं धाडलंय.

मास्तरांना म्हनावं, रंग अजून चढायचाय, संक्रांतीला येऊन बघा. आनि तू काढशील तवा चरताना काढ. तुझ्या त्या नुसत्या उभ्या बदकानं मला पंधरा दिस छळलं.

नाव मातुर फेंगडाच ऱ्हाईल. खुशाल दाखव.

म्हातारीवर जीव असू दे, नि फराळाचा डबा परत धाड.
तुझी आजी म्हाळसाबाई