जेवल्यावर घेतो

प्रिय नमूताई,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. सातवी नापास माणसाला पेन धरायला लावलंस, आता अक्षर लाव तुझं तू. नऊ महिन्यांत तुझा एकच मेसेज आला, तोही सरकारी नोटिशीसारखा. लावणी जवळ आली, आई लेप्टोची गोळी घेत नाही, गुरु सांगेल तेव्हाच घेईन म्हणते, काय ते कळव. कसा आहेस नाही, जेवलास का नाही. आशाताई होऊन गुलाबी साडी नेसलीस तेव्हापासून तू अशीच बोलतेस, जसं काही आम्ही सगळे तुझ्या वहीतले आकडे.

कळवतो. पण आधी माझं ऐकायचं. उंदीर खाचरात मुतला, ते पाणी पायाच्या भेगांतून आत गेलं आणि माणूस मेला, हे मला तेव्हा पटलं नव्हतं. उंदीर काय मागल्या वर्षी जन्माला आले? आपले बाबा पन्नास वर्षं त्याच चिखलात अनवाणी उभे राहिले. शेतात चप्पल घालून उतरायचं नाही, ती आपली आई आहे, असं म्हणून तू आणलेले गमबूट त्यांनी कोंबड्यांना दिले, त्यात कोंबडी अंडी घालायला लागली. तेव्हा तूही हसलीस. मग पन्नास वर्षं जे पाणी चावलं नाही ते एकदम कसं चावलं? मी म्हणत होतो, हे देवदत्त खोतांच्या आंब्याच्या फवारणीचं विष आहे, बागेतून उतरून आपल्या खाचरात येतं. खोतांना कोण बोलणार, म्हणून उंदराच्या माथी मारलं. उंदीर काय वकील लावतो?

मागल्या ज्येष्ठात, बाबा धडधाकट असतानाच, वाडीच्या ग्रुपवर मी तेच बोलून टाकलं होतं. साडेतीन मिनिटं. सरकारी गोळ्या खाऊ नका, आधीच पोटात विष, वरून आणखी घालू नका. आणि आपली वाडी! तू दारोदार फिरून घसा कोरडा केलास तर तुला पाणी विचारत नाहीत, आणि गुजरातेत लाद्या भाजणारा गुरु बोलला की ते वेदवाक्य. मुंबईतल्या शहाण्यांनी पटापट अंगठे दिले. त्यातल्या एकाच्याही पायाला दहा वर्षांत चिखल लागलेला नाही. वाडीतल्या अप्पांनी तर शिमग्याच्या पालखीची वर्गणी मागावी तसं घरोघरी फोन नेऊन ऐकवलं म्हणे. मेंढरं सगळी.

मला असं का वाटलं, ते तुला इथे आल्याशिवाय कळणार नाही. इथे भट्टीजवळ पांढरी धूळ असते, नाकात, भाकरीत, अंथरुणात. माझ्याबरोबरचा स्वरूप दीड वर्ष खोकतोय. कारखान्याचा डॉक्टर त्याला म्हणतो, बिडी सोड. स्वरूपने जन्मात बिडी ओढलेली नाही. तसं सांगितलं तर म्हणतो, मग बापाने ओढली असेल. असला डॉक्टर रोज बघितला की सगळ्यांच्याच गळ्यातली नळी खोटी वाटते. रत्नागिरीच्या इस्पितळातले डॉक्टर म्हणाले बाबांना लेप्टो आहे, उशिरा आणलंत, तेव्हा मला ह्याच डॉक्टरचं तोंड दिसत होतं. उशीर आपल्याच वाडीने केला, डोळे पिवळे बघून कावीळ ठरवली आणि झाडपाल्यात दोन दिवस घातले, ते मी सोयीने विसरलो.

मग तेराव्याला मी तुला सगळ्यांसमोर बोललो. दर सोमवारी न चुकता सहा गोळ्या दिल्या म्हणतेस, तर बाप मेला कसा? गोळी खरी असती तर मेला नसता, नाहीतर गोळीनेच मेला. तू पदर तोंडाला लावून वही दाखवत होतीस, सहा सोमवार, सहा खुणा. मी वही भिरकावली. आईने ते पाहिलं. म्हणून ती आज गोळी घेत नाही.

इथे रात्रपाळीला बसून मी पुष्कळ डोकं चालवलं. फवारणी थंडीत सुरू होते, पावसाच्या आधी संपते. बाबा श्रावणात तापले. आणि पंप पाठीला बांधून फवारतो तो महिपत, विष त्याच्या अंगावर उडतं, तो मात्र ठणठणीत, कबड्डी खेळतो. त्या पावसात तापले ते तिघेही नांगरामागे चालणारे, भेगांच्या पायाचे. तरी मी हटलो नाही. मग स्वरूपनेच विचारलं, तुझ्या बहिणीला खोटं बोलून काय मिळतं? इथे बिडी म्हटलं की मालक सुटतो. तिकडे उंदीर म्हटल्याने कोण सुटतं? मी त्याला गप्प बस म्हणालो. माझ्याकडे एकच मुद्दा उरला होता: सहा गोळ्या खाऊनही बाप मेला.

तेराव्यानंतर मी बाबांची चंची आणली होती, आठवण म्हणून. तुला विचारलंही नव्हतं. उघडायचा धीर नव्हता. तुझा मेसेज आला त्या दिवशी उघडली. वरच्या कप्प्यात चुन्याची डबी, सुकलेलं पान. खालच्या कप्प्यात, तंबाखूच्या भुकटीत, गोळ्या. सहा. तू हातावर ठेवायचीस आणि ते म्हणायचे ना, ठेव गो, जेवल्यावर घेतो. तुझं मन मोडवलं नाही म्हणून तुझ्याकडून घेतल्या, आणि ऐकलं माझं. आपले भागोजी बाबा, मला अक्कल आहे असं समजणारा जगात एकच माणूस होता. सहाही ह्या पाकिटात घातल्यात, मोज आणि वहीतल्या खुणांशेजारी लाव. तुझी गोळी हरली नाही ताई, ती पोटात गेलीच नाही. हे पत्र आईला वाचून दाखव, मग अप्पांना दे, म्हणावं जसं पहिलं घरोघरी ऐकवलंत तसंच हेही ऐकवा, साडेतीन मिनिटांपेक्षा जास्त लागतील. आणि आईला सांग, गुरु म्हणतो गोळी घे. जेवल्यावर नाही, नमूच्या समोर जेव आणि नमूच्या समोर गीळ.

तुझाच, ज्याचं कुणी ऐकायला नको होतं तो,
गुरु