बॅरिटोनचा बेत

३ मार्च
टोपी काहीतरी शिजवतोय.
सरावाला गेलो तर टोपी आणि डॉक्टर कोपऱ्यात हळू आवाजात बोलत होते. मला पाहिलं आणि गप्प. टोपी म्हणजे आमच्या बँडमधला दुसरा गिटारवाला. टोपी घालतो म्हणून टोपी. डॉक्टर दातांचे, पण ड्रम वाजवतात, म्हणून सराव त्यांच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत. बेसवर माझा साडू. त्याने उगाचच विचारलं, साडूभाऊ, तब्येत बरी ना? या माणसाने लग्नापासून कधी माझी तब्येत विचारलेली नाही.
विमा कंपनीत क्लेम तपासण्यात माझी हयात गेली. चेपलेली गाडी समोर आली की मी एवढंच बघतो, यात फायदा कुणाचा? इथेही तेच. बँड एक, गिटारी दोन. मे महिन्यात दंतवैद्यांच्या संमेलनात कार्यक्रम. त्याआधी दोघांपैकी एकाला नारळ मिळणार. कुणाला, ते कोपऱ्यात ठरतंय.

४ मार्च
उपाय सापडला. बॅरिटोन. म्हणजे इलेक्ट्रिक गिटारच, पण खर्जातली. साध्या गिटारीला जाड तारा लावायच्या, सूर खाली उतरवायचे, झालं. आपल्या ओळखीत कुणाकडेच नाही. बॅरिटोनवाल्याला काढायची कुणाची छाती आहे?
हिला सांगितलं. ही म्हणाली, आहे ती आधी नीट वाजवा. साडू हिच्याच बहिणीचा नवरा, हे विसरून चालणार नाही. यापुढे घरात या विषयावर मौन.

९ मार्च
तारा आणल्या. दुकानदार देताना हसला. का हसला? म्हणाला, या नुसत्या चढवून भागत नाही, खाचा रुंद कराव्या लागतील, मान सरळ करावी लागेल, गिटार ठेवून जा माझ्याकडे.
ठेवून जा! गॅरेजमध्ये गाडी 'ठेवून गेलेल्या' माणसांच्या फायलींनी ऑफिसातलं कपाट भरलंय. म्हटलं, मी घरीच करतो. तो म्हणाला, करा, पण काही बिघडलं तर ओढाताण करू नका, लगेच आणा. गिऱ्हाईक आधीच हेरून ठेवायची ही पद्धत मला नवी नाही.

१० मार्च, संध्याकाळ
जाड तार खुंटीच्या भोकात जाईना. ड्रिलने भोक मोठं केलं. छान.
मानेच्या टोकाला पांढरी पट्टी असते, तिला नट म्हणतात. तिच्या खाचांत तारा बसतात. खाचा अरुंद. घरात कानस नाही, म्हणून हिची नखांची घेतली. पहिल्या खाचा उत्तम. मधली जरा खोल गेली. मग हात बसला, पण तोवर पट्टीत फारसं काही उरलं नव्हतं.
ही कानस शोधतेय. म्हटलं, बहिणीला विचार.

१७ मार्च
गिटार सर्व्हिसिंगला दिलीय असं सांगितलं. तर टोपीने स्वतःची माझ्या हातात दिली आणि त्याचे सगळे सोलो शिकवायला बसला. हे बोट इथे, ते तिथे, घाई करू नकोस, पुन्हा वाजव. डॉक्टर बघतायत आणि मी चुकतोय, हेच त्याला हवं होतं. मी मुद्दाम लक्ष दिलं नाही.
निघताना विचारतो, कुणाला कपाट हवंय का रे? चांगलं आहे. फ्रिजही काढायचाय.
उघड आहे. सामान काढून मोठा अ‍ॅम्प्लिफायर घेणार आणि माझा आवाज दाबणार.

२० मार्च
तारा चढवल्या. मान वाकली. तारा इतक्या वर आल्या की खालून पेन्सिल जाते.
घाबरण्याचं कारण नाही. मानेच्या आत लोखंडी सळई असते. चावी लावून ती आवळली की मान सरळ होते. व्हिडिओ पाहिला. तो माणूस म्हणाला, चावी उजवीकडे, अगदी थोडी, मग थांबा आणि बघा. त्याच्या मागच्या भिंतीवर गिटारी टांगलेल्या. विकायला. लोकांच्या मोडल्या की याच्या खपणार.
चावी डावीकडे फिरवली.

२१ मार्च
मान जास्तच वाकली. म्हणजे माणूस खरं बोलत होता. लबाड लोक मध्येच खरं बोलतात, तिथेच माणूस फसतो.
उजवीकडे फिरवली. थोडीने भागेना. पाय टेकवून जोर लावला. आतून कट् असा आवाज आला आणि चावी एकदम हलकी फिरू लागली. सळई मोकळी झाली असावी. प्रगती.

३१ मार्च
बॅरिटोन सर्वांसमोर आणली. सगळ्यात जाड तार छेडली. डॉक्टर वाजवायचे थांबले, उठले आणि दवाखान्याचा कम्प्रेसर बंद करायला गेले. तो बंदच होता. साडू म्हणाला, साडूभाऊ, मिक्सरमध्ये चमचा राहिलाय का बघा.
जळतात.
टोपी हसला नाही. गिटार हातात घेतली, एक डोळा मिटून मानेवरून नजर टाकली. चेहरा पडला. म्हणाला, परत पहिल्यासारखी होईल ना रे? मी ठणकावून सांगितलं, कधीच नाही, ही आता कायमची बॅरिटोन. टोपीने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी छताकडे.
जिंकलो.

७ एप्रिल
टोपीची बदली झाली आहे. या महिन्यात बिऱ्हाड हलवतोय.
डॉक्टरांनी आज सांगितलं. त्यांना फेब्रुवारीपासून माहीत होतं. म्हणाले, तुम्ही धसका घ्याल म्हणून बोललो नाही, टोपीच म्हणाला की आधी त्याला सोलो शिकवतो, एकदा हात बसला की मग सांगू. आता गिटार तुमच्या एकट्यावर. फक्त ती साधी असू द्या.
म्हणजे मला काढायचं नव्हतंच. असं ते म्हणतात. बदलीची ऑर्डर मी डोळ्यांनी पाहिलेली नाही.

९ एप्रिल
दुकानात गेलो. म्हटलं, साध्या तारा लावून द्या. दुकानदाराने लावल्या. रुंद खाचांत त्या खुळखुळ्यासारख्या वाजल्या. मग चावी लावून पाहिली. म्हणाला, सळईचे आटे गेलेत, ही मान आता सरळ व्हायची नाही.
या वेळी तो हसला नाही. हसला असता तर बरं वाटलं असतं.

१४ एप्रिल
टोपी जाताना गिटार माझ्याकडे ठेवून गेला. कार्यक्रम होईपर्यंत वापर म्हणाला. घरी आणून सगळीकडून तपासली. काहीच खोट नाही. खुंट्याही पुसून दिल्यात.

२१ एप्रिल
गिटार ठणठणीत आहे. सोलो येत नाहीत. पहिली दोन बोटं कुठे ठेवायची ते आठवतं, पुढे अंधार. डॉक्टर म्हणाले, अहो, महिनाभरापूर्वी त्याने समोर बसवून शिकवलं ना? म्हटलं, त्याची शिकवण्याची पद्धत चुकीची होती.
टोपीला फोन करून पुन्हा विचारा, असं ही म्हणते. करणार होतो. दोनदा नंबर काढला. पण विचारलं तर त्याला कळणार की त्या दिवशी मी शिकलोच नव्हतो.

५ मे
डॉक्टरांचा निर्णय. सोलोच्या जागी साडू शिट्टी वाजवणार. मी मागे सावकाश कॉर्ड धरायच्या. गाणं संपेपर्यंत दोनच.

१२ मे
कार्यक्रम झाला. शिट्टीला वन्स मोअर. साडू इतकी चांगली शिट्टी वाजवतो, हे त्याने इतकी वर्षं माझ्यापासून लपवून ठेवलं.
घरी पोचतोय तोच टोपीचा फोन. सोलो कसे झाले? म्हटलं, छान झाले. तो एवढ्या जोरात ओरडला की हिला स्वयंपाकघरात ऐकू गेलं. म्हणाला, मी डॉक्टरांना सांगितलंच होतं, तो करेल, काळजी करू नका. मग बायकोला हाक मारून तिलाही सांगितलं.
मी फोन कानाला घट्ट धरून ऐकत होतो. त्याच्या आवाजात कुठे काही सापडतं का म्हणून.
काही नव्हतं. माणूस खूश होता.