दोन तळ्यांमधला साकव

३ सप्टेंबर, मंगळवार

हंगाम संपला म्हणायचा. आज भाड्याने फक्त चार सायकली गेल्या. चारही उजेडात परत. एकीचा मागचा ब्रेक करकरतोय, बाकी ठीक. धुतल्या, चेनला तेल दिलं, शेडमध्ये टांगल्या. बत्तीस सायकली छताला उलट्या लटकलेल्या आणि खाली मी एकटी सुलटी!

दिवसभरात किती वाक्यं बोलले ते मोजलं. अकरा. त्यातली सात – "हेल्मेट घाला."

६ सप्टेंबर, शुक्रवार

तपासणीचा दिवस. खालच्या तळ्याला वळसा, मग जंगलातली चढण, मग वरचं तळं. सतरा किलोमीटर, आणि शेवटचे तीन सायकल हातात धरून. पूर्वी धरावी लागत नव्हती. दोन झाडं आडवी पडली होती, करवतीने कापून बाजूला सारली. एका वळणावर पाण्याने माती खाल्ली आहे, दगड भरायला हवेत. सगळं जागच्या जागी तपासणीच्या वहीत लिहिलं. हल्ली घरी येऊन एक अक्षर लिहीत नाही.

मधल्या वाटेच्या तोंडाशी आले की मान आपोआप दुसरीकडे वळते.

९ सप्टेंबर, सोमवार

वनकचेरीचं पत्र आलं. मधली वाट कायमची मोडायची. ओढ्यावरचा साकव उचकटायचा, वाटेवर झुडपं लावायची. पहिल्या बर्फाआधी.

आणि करायचं कोणी? मीच! साहेबांना फोन केला. म्हणाले, "तुमच्याइतकी ती वाट दुसऱ्या कोणाला माहीत आहे?"

धाकटीला माहीत आहे, असं तोंडावर आलं होतं. गिळलं.

ती वाट आम्ही दोघी बहिणींनी काढलेली. मी मागे कुदळ घेऊन, धाकटी पुढे धावत – "ताई, इथून! इथून सायकल आपसूक वळेल!" आणि खरंच वळायची. साकव मात्र तिचा एकटीचा. लाकूड निवडण्यापासून शेवटचा बोल्ट पिळेपर्यंत. मला हातसुद्धा लावू दिला नाही.

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी त्या साकवाची फळी मोडली. एक शाळामास्तर सायकलसकट खालच्या दगडांवर पडले. डावा पाय कायमचा अधू झाला. चौकशीत ठरलं, बांधणी कच्ची. म्हणजे धाकटीची चूक. तिचं इथलं काम गेलं, महिन्याभरात तीही गेली. तेव्हापासून फोन नाही. वाढदिवसाला मी कार्ड पाठवते. पोचतं की नाही देव जाणे.

१२ सप्टेंबर, गुरुवार

नावाडी आज गेला, लेकीकडे, पुढच्या हंगामापर्यंत. त्याला सगळे रेडिओ म्हणतात, कारण बंद करायचं बटणच नाही. उन्हाळाभर त्याच्या बडबडीने माझं डोकं उठतं. आज नाव काठावर ओढायला मदत केली तर म्हणाला, "बाई, हिवाळ्यात कोणाशी बोलता हो तुम्ही?"

म्हटलं, "सायकलींशी."

हसला. मीही हसले. तो गेल्यावर धक्क्यावर बराच वेळ उभी होते. पाणी इतकं गप्प असतं हे उन्हाळ्यात कळत नाही.

१५ सप्टेंबर, रविवार

आज मास्तर आले.

काठी टेकत शेडच्या दारात उभे. मी आधी ओळखलंच नाही, गिऱ्हाईक समजून "हेल्मेट..." म्हणायला तोंड उघडलं, आणि मग पाय दिसला. हातातला पाना खाली पडला.

वाट मोडणार असं त्यांनी कुठेतरी वाचलं. त्याआधी एकदा तळं बघावं म्हणून आले. खुर्ची दिली. चहा केला. साखर विचारायला विसरले, त्यांनी तसाच प्यायला. शाळेत अजून शिकवतात. म्हणाले, "मुलांना वाटतं काठी त्यांच्यासाठी आहे. वर्ग एकदम शांत!" स्वतःच हसले. मला हसू फुटेना.

निघताना म्हणाले, "तुमच्या बहिणीला एक निरोप द्याल? माझा तिच्यावर राग नाही. साकव फार सुंदर होता. हे तिला कोणीतरी सांगायला हवं."

मी म्हटलं, "सांगते."

सांगते म्हणाले! कोणत्या तोंडाने?

१६ सप्टेंबर, सोमवार

काही लिहायचं नाही.

१८ सप्टेंबर, बुधवार

साकव काढला. दिवस गेला. पहार, पाने, हातोडी, सगळं पाठीवर घेऊन चालत वर गेले. अपघातानंतर वाटेवर आडवा बांधलेल्या दोराखालून वाकून आत शिरले तेव्हा चोर असल्यासारखं वाटलं.

बोल्ट सुटेनात. तीन वर्षं पावसात, बर्फात, आणि एकही ढिला नाही! पान्यावर सगळा भार टाकून लोंबकळले तेव्हा पहिला हलला. धाकटीने काय पिळलेत! तुळया ठणठणीत. सांधे असे बसवलेले की मध्ये नख जाईना.

आणि ती मोडलेली फळी. तिचा मधला भाग त्याच दिवशी ओढ्यातून वाहून गेला होता. कचेरीच्या माणसांनी काठावरूनच फोटो काढले, खाली उतरायचे कष्ट कोणी घेतले नाहीत. पण तिचं टोक अजून बोल्टाखाली घट्ट होतं. बोट दाबलं, आत गेलं. ओल्या पावासारखं. लाकूड कुजलं होतं. बांधणी नव्हे, फळी. एक फळी! हातोडीने एकदा ठोकलं असतं तर भद्द आवाज आला असता आणि बदलता आली असती. अर्ध्या तासाचं काम.

तेवढ्यासाठीच तर शुक्रवारची तपासणी असते.

१९ सप्टेंबर, गुरुवार

हात सुजलेत. तरी लिहिते. एकदा लिहूनच टाकते.

त्या शुक्रवारी मी वर गेलेच नव्हते.

ताप नव्हता, पाऊस नव्हता, काही म्हणजे काही नव्हतं. कंटाळा आला होता. पांघरुणातून बाहेर यावंसं वाटेना. दुपारी उठले, चहा केला, आणि याच टेबलाशी बसून वहीत बरोबरच्या खुणा केल्या. सगळ्या ओळींपुढे. साकवापुढेसुद्धा.

रविवारी मास्तर पडले.

चौकशीत साहेबांनी वही पुढे धरली. "ही तपासणी तुमची?" मी म्हटलं, "हो. ठोकून पाहिलं होतं. फळ्या पक्क्या होत्या." मग फळी पक्की तर बांधणी कच्ची! असं सरळ गणित झालं. धाकटी शेजारच्या खुर्चीवर होती. तिने माझ्याकडे पाहिलं. एकदाच. मग खाली मान घालून म्हणाली, "माझं काही म्हणणं नाही."

मला वाटलं, ती स्वतःच्याच हातांवर शंका घेतेय. माझी सख्खी बहीण! आणि मी ती शंका तिच्याजवळ राहू दिली.

२३ सप्टेंबर, सोमवार

कचेरीत गेले. फळीचं टोक वर्तमानपत्रात गुंडाळून नेलं होतं. साहेबांच्या टेबलावर ठेवलं आणि सगळं सांगितलं. न थांबता. थांबले असते तर पुन्हा सुरू करता आलं नसतं.

साहेबांनी फळीकडे पाहिलं, मग दाराकडे, मग दार लावून घेतलं.

"बाई, फाइल बंद झाली आहे. आता कशाला उकरून काढता?"

"तिच्यावर ठपका आहे."

"ती कुठे तक्रार करतेय?"

"म्हणूनच."

"तुमची नोकरी जाईल. ती शेडमागची खोलीही नोकरीबरोबरच आहे. जाल कुठे?"

खरंच, कुठे? हा प्रश्न मी रस्ताभर मनात येऊ दिला नव्हता. म्हटलं, "ते बघू. तुम्ही लिहून घ्या."

नाइलाजाने लिहून घेतलं. खाली मी सही केली.

२४ सप्टेंबर, मंगळवार

दोन पत्रं लिहिली. मास्तरांचं अर्ध्या पानात झालं. धाकटीचं सहा वेळा फाडलं. प्रत्येक वेळी मध्येच मी स्वतःची बाजू मांडायला लागायचे – थकले होते, एकटीवर भार होता वगैरे. सगळं खोडलं. शेवटी उरल्या पाच ओळी. मी गेले नव्हते. खोटं बोलले. फळी कुजली होती. तुझा साकव पक्का होता. मास्तर म्हणाले, फार सुंदर होता.

खाली "तुझी ताई" लिहायचा धीर होईना. नुसतं "ताई" लिहिलं.

२७ सप्टेंबर, शुक्रवार

मास्तरांचं उत्तर. एकच ओळ: "तुमच्यावर राग येतो का ते अजून ठरवतो आहे, पण तुम्ही कळवलंत हे बरं केलंत."

बरोबर आहे त्यांचं. दोनदा वाचलं. घडी घालून ठेवलं.

शुक्रवार होता म्हणून तपासणीला गेले. कोणी सांगितलं नव्हतं. वरच्या तळ्यावर चिटपाखरू नाही. काठावर बसून डबा उघडला, आणि तसाच बंद करून परत आणला.

३ ऑक्टोबर, गुरुवार

नोकरी गेली. महिनाअखेर खोली रिकामी करायची. साहेब स्वतः सांगायला आले, हे त्यांचं मोठेपण. धाकटीवरचा ठपका काढल्याचं पत्र तिला पाठवलंय म्हणाले.

खोके आणले. माझं सामान तीन खोक्यांत मावलं. अठरा वर्षांत तीन खोकी!

७ ऑक्टोबर, सोमवार

मधल्या वाटेवर शेवटची झुडपं लावली. नोकरी गेली तरी काम अर्धवट टाकवेना. दोन-तीन वर्षांत इथून सायकली जायच्या हे कोणाला खरंही वाटणार नाही.

धाकटीकडून काही नाही. का यावं?

९ ऑक्टोबर, बुधवार

धाकटीचा फोन.

"ताई," म्हणाली. मग एका दमात – "तू त्या शुक्रवारी आली नव्हतीस हे मला तेव्हापासून माहीत आहे. तुला चकित करायचं म्हणून मी डबा घेऊन वर आले होते. दोन वाजेपर्यंत साकवावर पाय सोडून बसले होते, त्याच फळ्यांवर. मी बांधलेला साकव, ताई! आणि मी खाली वाकून एकदा पाहिलंसुद्धा नाही. डबा खाल्ला, तुझ्या वाटचाही खाल्ला, आणि घरी गेले. मग तू आली नव्हतीस हे मी कोणत्या तोंडाने सांगणार होते?"

 फोन कोणीच ठेवला नाही.