जयाच्या लग्नाची टेप फेकू नको

रुपाली,

मी वावरात जाते. आपल्या जयाच्या लग्नाची टेप फेकू नको, कपिल काहीही म्हणो. काल कॉम्प्युटरवर जयाचे बाबा, तुझे मामाजी, अडकत अडकत व्याह्यांना बुंदी वाढत होते, म्हणून कपिल टेप खराब झाली म्हणाला. आज मी कॅमेऱ्याच्याच छोट्या पडद्यावर पाहिली. तिथे ते सरसर वाढतात आणि "घ्या हो इवाई, लाजता कायले?" हेही साफ ऐकू येतं. म्हणजे टेप चांगली आहे, कॉम्प्युटरवर उतरवतानाच घोळ होतो. खुशीचा गेम आणि बाकी सगळं बंद करून पुन्हा उतरव.

ते गेल्यापासून त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. पुन्हा पुन्हा पाहत बसले आणि भाकरी राहिल्या. तेवढ्या तू थाप.

आई