आधी ताईचा चेहरा

४ फेब्रुवारी

चि. छोटीस ताईचे अनेक आशीर्वाद, वि. वि.

फोनवर बोलताना लेक शेजारीच बसलेला असतो, म्हणून हे पत्र. त्याने एकच टुमणं लावलंय की आता तुमचं दोघींचं पार्लर बंद कर आणि आमच्याकडेच राहा. सूनबाईने तर माझ्यासाठी एक कपाट रिकामं करून ठेवलंय. मी अजून होही म्हटलेलं नाही, नाहीही.

तू सांगितलेल्या कोरियन वस्तूंचा तपास मात्र जोरात चालू आहे. इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात भिंतभर बाटल्या. आधी चेहरा धुवायचा, मग धुतलेला चेहरा पुन्हा धुवायचा, मग पाण्यासारखं काहीतरी, त्यावर आणखी पाण्यासारखं काहीतरी. दुकानातल्या मुलीने गोगलगायीच्या चिकाची बाटली हातात दिली तेव्हा मी चक्क मागे सरले. पण आपला नियम तो नियम, नवीन काही आलं की गिऱ्हाइकाआधी माझ्या चेहऱ्यावर. घरी येऊन लावलं, वर ओला कागदी मास्क चढवला आणि तशीच पाणी प्यायला गेले. सूनबाईच्या हातातला कप फुटला. लेकाचं म्हणणं, निदान आधी सूचना देत जा.

एक बाटली तुलाही पाठवते आहे. माझ्याकडून पास. समोरच्या नव्या पार्लरची खबर कळव आणि ताईवर माया राहू दे.

तुझी ताई

१९ फेब्रुवारी

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

गोगलगाय सुखरूप पोचली. पण मी बाटली उघडायच्या आत ह्यांनी दाढीनंतरचं काहीतरी समजून अर्धी संपवली. आता ऑफिसात सगळे ह्यांना विचारतात, चेहरा एवढा उजळलाय, रजा काढून कुठे जाऊन आलात? स्वारी आरशासमोरून हलत नाही.

खबर बरी नाही. समोरच्यांनी कोरियन अशी पाटी लावल्यापासून आपली गिऱ्हाइकं तिकडे वळलीत. बँकेतल्या बाईसुद्धा गेल्या. इतकी वर्षं त्यांच्या भुवया आपण कोरल्या आणि आता तोंड फिरवून रस्ता ओलांडतात. मी दिवसभर टॉवेलच्या घड्या घालते, मोडते, पुन्हा घालते.

स्पष्टच लिहिते. तू आली नाहीस तर मला एकटीला पार्लर रेटायचं नाही, कुलूप लावेन. पण तिथे तुला सुख वाटत असेल तर माझ्यासाठी म्हणून येऊ नकोस. हे वाक्य लिहिताना मला रडू आलं, तरी लिहिलं. लोभ आहेच, तो आटू नये एवढंच मागणं.

तुझीच छोटी

६ मार्च

चि. छोटीस अनेक आशीर्वाद, वि. वि.

काल सूनबाई मला कोरियन फेशियल करून घ्यायला घेऊन गेली. लहानशी खोली, मंद दिवा, स्वच्छ पलंग. तिथल्या मुलीने तोंडावर टॉवेल ठेवला तर मी उठून त्याची घडी नीट केली. तिने वाटी कडेला ठेवली, ती मी आत सरकवली. शेवटी तिने हसत माझे दोन्ही हात धरले आणि चादरीखाली घातले. अगं, गिऱ्हाईक म्हणून पडून राहणं मला येतच नाही.

मग तिने आपले हात चोळून गरम केले आणि माझ्या कपाळावर ठेवले. छोटे, मला रडूच कोसळलं. जन्मभर बायकांचे चेहरे चोळले, पण माझ्या चेहऱ्यावर दुसऱ्या कोणाचा हात कधी पडलाच नव्हता. नवीन क्रीमसुद्धा मीच मला फासायची. मुलगी घाबरली, तिला वाटलं काही झोंबलं. त्यानंतर मी घोरले, असं सूनबाई सांगते.

उठले ती ठरवूनच. लेकाला म्हटलं, कपाट माझंच राहू दे, मी येत जाईन, पण राहणार आपल्या पार्लरमागच्या खोलीत. तो फुरंगटलाय, सूनबाईने मात्र बॅग भरायला घेतली. बाटल्या आणतेच आहे, पण खरी वस्तू ते गरम हात. ते तुला शिकवायचेत. शुक्रवारी, १४ तारखेला पोचते. जीव लावतेस तशीच लावत राहा.

तुझी ताई

१४ मार्च

ती. ताईस शि. सा. न.

हे पत्र तुझ्या उशीवर ठेवते आहे, तू वाचशील तोवर मी तुला स्टेशनवरून घेऊन आलेली असेन. ह्यांचा चेहरा बघून बँकेतल्या बाई काल उंबऱ्यात आल्या आणि शनिवार सकाळची पहिली वेळ मागू लागल्या. मी हात चोळून गरम करायचा सराव करत होते. त्यांना सांगितलं, दुपारी या, आधी ताईचा चेहरा.

छोटी