पप्पांची टोपी

कट्टा, ६ ऑक्टोबर

प्रिय अ‍ॅलन,

आमचं चाललंय, तुझं आणि फेबीचं बरं असेल. नारळ पाडून घेतले. शेजारचा हारिस कुवेतला परत निघालाय, त्याच्याकडे हे पत्र आणि सुके बांगडे देते. फोनवर हे बोलता येत नाही, पप्पा बाजूलाच बसलेले असतात.

त्यांची काळी टोपी आठवते ना? शाळेतलं इंग्रजी ते घरी जेवतानाही शिकवायचे. पॉपीकॉक म्हणजे नुसती बडबड, हॉट एअर म्हणजे फुशारकी. आणि माहीत नसताना कोणी ठासून बोललं, की खुंटीवरची टोपी त्याच्या डोक्यावर. "इंग्रजीत हेका म्हणतत टॉकिंग थ्रू युअर हॅट. घाल." जेवण संपेपर्यंत काढायची नाही. मेल्या, तू तर त्या टोपीतच वाढलास.

आता पप्पाच कायबाय बोलतात. मम्मीला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी "ती चर्चात मिसाक गेली हा, येतली आता" म्हणतात. मलाही कधी कधी ओळखत नाहीत, विचारतात, "बाय, तू खंयची गो?" हे तुला सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, यावर औषध नाही, हे वाढतच जाणार.

आणि तू दर रविवारी फोनवर तेच. पप्पा, तुम्ही बरे होतल्यात, नाताळाक मी येतंय. किती नाताळ गेले रे? राग येतो मला तुझा.

परवा जेवताना ते म्हणाले, मम्मीचं ताट वाढ. मी वाढायला उठले तर पप्पाच बोलता बोलता थांबले. माझ्याकडे बघत राहिले. मग हळूहळू खुंटीपर्यंत गेले, टोपी काढली, स्वतःच घातली आणि गप्प पेज जेवायला लागले.

अ‍ॅलन, त्यांना कळतं रे. बाकी काही नाही, पण आपण भलतंच बोलतो एवढं कळतं. मला रडू आवरेना. त्यांचा हात धरून मी म्हटलं, "पप्पा, तुम्ही बरे होतल्यात."

त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि माझ्या डोक्यावर ठेवली.

जेवण संपेपर्यंत मी ती काढली नाही.

तेव्हा रविवारी फोन कर, पण बरे होण्याचं बोलू नकोस. नाताळचंही नको, तिकीट हातात असलं तरच सांग. नाहीतर तिकडे ऊन किती आहे ते सांग.

तुझी बहीण, आणि पप्पांची खंयची तरी बाय,
डोरथी